जुन्या रेल्वेच्या वाटेने : पीक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅव्हल सायकलिंगची सुरुवात कशी करावी

इंग्लंडमधल्या मँचेस्टर, शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम या भागात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अनेक मराठी मंडळींना सायकलची हौस असते, पण इथल्या गावाकडच्या रस्त्यांची धास्ती वाटते. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना दगडी गडगे, वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि मोटारींना ताशी साठ मैलांची मुभा. ही धास्ती रास्त आहे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं : पहिले काही महिने रस्त्याच्या वाटेला जाऊच नका. पीक डिस्ट्रिक्ट या जवळच्या डोंगराळ भागात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या सायकलवाटा आहेत, तिथून सुरुवात करा.

रेल्वेमार्गच का, तर वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे. जिथे डोंगर आडवा आला तिथे त्या काळच्या इंजिनिअरांनी बोगदा खणला, जिथे दरी आली तिथे पूल किंवा भराव घातला. त्यामुळे एवढ्या डोंगराळ मुलखातही या वाटा बहुतेक ठिकाणी शंभर फुटांत जेमतेम फूट-दीड फूट चढतात. रूळ उचलले गेले आणि त्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली. मुरमाच्या रस्त्यावर रोलर फिरल्यावर जसा पृष्ठभाग होतो, साधारण तसा. अशा खडीच्या वाटेवर सायकल चालवणं म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग. मोटारींना बंदी. पोरंबाळं, आजी-आजोबा, घोडेस्वार, सगळे याच वाटेवर.

आधी जागा समजून घ्या

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ साली जाहीर झालेलं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं : गेट, तिकीट, जिप्सी. इथे तसलं काही नाही. उद्यानाच्या हद्दीत ३५ हजारांहून जास्त माणसं राहतात, गावं आहेत, शाळा आहेत, दगडाच्या खाणीसुद्धा आहेत. बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे आणि तिच्यावर मेंढ्या-गाई चरतात. संरक्षण आहे ते या सगळ्या वसत्या मुलखाला.

त्या जमिनीवरून चालायचा हक्कही सहजासहजी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढले आणि त्यातल्या काही जणांना तुरुंगात जावं लागलं. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा त्यानंतर १९४९ मध्ये झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे प्रत्येक वाटेवरचा हक्क वेगळा आहे. कुठे फक्त पायी जाता येतं, कुठे घोड्यावरून आणि सायकलवरून, कुठे मोटारीनेही. त्याचं नीट गणित पुढे देतो. रेल्वेच्या वाटांवर मात्र सायकलला सरळ परवानगी आहे, ही आणखी एक सोय.

सायकल : आधी भाड्याने, मग विकत

ग्रॅव्हल सायकल लगेच विकत घेऊ नका. हॅसॉप आणि ‘पार्सली हे’ या जुन्या रेल्वेच्या ठिकाणी सायकली भाड्याने मिळतात. हिवाळ्यात वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी खात्री करून घ्या. तिथे मिळणारी साधी हायब्रिड किंवा माउंटन सायकल या वाटांना पुरून उरते.

स्वतःची घ्यायची झाली तर दोनच गोष्टींवर पैसे घाला : टायर आणि गिअर. टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असावेत. पुढचं सगळ्यात लहान दातेरी चाक आणि मागचं सगळ्यात मोठं, यांत दात सारखे असले किंवा मागे जास्त असले की चढावर गुडघे दुखत नाहीत. बाकी कार्बनची फ्रेम, इलेक्ट्रॉनिक गिअर वगैरेंशिवाय काही अडत नाही. ऑफिसला नेता ती जुनी सायकल असेल आणि तिच्यात ३५ मिलिमीटरचा टायर बसत असेल, तर कोरड्या दिवसात तीसुद्धा चालेल.

हवेबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. नवी माणसं टायर दगडासारखे कडक भरतात. खडीवर असा टायर उडत राहतो, हाताला मुंग्या येतात आणि वळणावर चाक सरकतं. ४० मिलिमीटरच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ३५ ते ४० पीएसआय हवा पुष्कळ झाली. अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा आत जायला हवा.

पहिली वाट : मॉन्साल ट्रेल

पहिल्यांदा इथेच जा. बेकवेलच्या कडेपासून बक्सटनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे २७ किलोमीटर. मिडलंड रेल्वेचा हा मार्ग मँचेस्टरला लंडनशी जोडत होता. १९६८ मध्ये तो बंद झाला. पुढे चालण्याची वाट झाली, पण बोगदे कुलूपबंद होते आणि दर बोगद्यापाशी वाट डोंगरावरून वळसा घालायची. मे २०११ मध्ये हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन आणि ची टॉर हे बोगदे उघडले, दिवे लावले आणि पूर्ण वाट सायकलला खुली झाली.

हॅसॉप स्टेशनवरून निघा आणि पश्चिमेला तोंड ठेवा. जाताना लक्षातही येणार नाही इतका चढ असतो, परत येताना त्याचाच उतार होतो. दमल्यावर उतार हाती असावा, हा क्रम नवख्याने सोडू नये.

काही अंतर सपाट शेतांमधून जाता आणि मग हेडस्टोनचा बोगदा येतो. इथे वेग कमी करा. उन्हातून आत शिरताना क्षणभर डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि नेमकं त्याच क्षणी समोर गडद कपड्यांतलं कुणीतरी चालत असतं. छतातून पाणी ठिबकतं, ते मानेवर पडलं की शहारा येतो. भर जूनमध्येही आतली हवा गार असते. घंटी एकदा वाजवा, सतत नको, कारण बोगद्यात तिचा आवाज घुमतो आणि लहान मुलं दचकतात. आतले दिवे दिवसा उजेडीच चालू असतात. संध्याकाळी निघालात तर स्वतःचा दिवा हवाच.

बोगद्यातून बाहेर पडता ते थेट मॉन्साल डेलच्या पुलावर. खाली वाय नदीचं वळण, दोन्हीकडे उतरत्या हिरव्या कडा. गांधीजींच्या विचारांवर ज्यांचा खोल ठसा उमटला त्या जॉन रस्किन यांनी ही रेल्वे झाल्यावर तिच्यावर कडाडून टीका केली होती. बक्सटनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला पोहोचता यावं आणि बेकवेलच्या मूर्खाला बक्सटनला, एवढ्यासाठी देवांची ही दरी उद्ध्वस्त केली, असा त्यांचा संताप होता. आज तोच पूल जपायची वास्तू ठरला आहे आणि त्याचे फोटो काढायला माणसं लांबून येतात. मला तो पूल दरीला शोभूनच दिसतो. पण रस्किन यांची चिडही मला कळते. आपल्या सह्याद्रीत घाट फोडताना पाहिलेल्या माणसाला ती कळेलच.

पुढे क्रेसब्रुक आणि लिटन या दोन बोगद्यांच्या मधून खाली पाहिलं की जुन्या कापडगिरण्या दिसतात. लिटनच्या गिरणीत शहरांतल्या गरीबखान्यांमधून आणलेली मुलं राबवली जात. तिथले हाल इंग्लंडभर कुप्रसिद्ध होते. आता तिथे लोकांची घरं आहेत.

मिलर्स डेल हे थांबायचं ठिकाण. दोन पूल शेजारी शेजारी, जुनं स्टेशन, चहा, स्वच्छतागृह आणि जवळच चुन्याच्या प्रचंड भट्ट्या. सोबत लहान मुलं असतील किंवा पाय बोलू लागले असतील तर इथून परत फिरायला हरकत नाही. पुढचा ची टॉरपर्यंतचा तुकडा मात्र सगळ्यात देखणा आहे : उभे पांढरे कडे, त्यांवर लटकलेले गिर्यारोहक, आणि मे-जूनमध्ये कापलेल्या खडकाच्या कडेने पिवळी काउस्लिप नि जांभळी ऑर्किड. ब्लॅकवेल मिलला ट्रेल संपते. तिथून बक्सटन नकाशावर हाकेच्या अंतरावर वाटेल, पण मध्ये ए-६ हा धावता हमरस्ता आहे. नवख्याने तिथूनच मागे वळावं.

शनिवार-रविवारी दहाच्या आत पोहोचा. अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि वाटेवर इतकी गर्दी होते की सायकलपेक्षा ब्रेकच जास्त चालतो. बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, तर जाऊच नका.

दुसरी पायरी : पार्सली हे

मॉन्साल दोनदा-तीनदा झाली, तासभर सीटवर बसायची सवय झाली की ‘पार्सली हे’ गाठा. इथे दोन वाटा मिळतात आणि दोघींचा स्वभाव निराळा आहे.

टिसिंग्टन ट्रेल इथून दक्षिणेला अ‍ॅशबोर्नपर्यंत १३ मैल जाते. पार्सली हे हजार फुटांहून उंच आणि अ‍ॅशबोर्न बरंच खाली. वरून निघालेली माणसं गाणी म्हणत अ‍ॅशबोर्नला उतरतात आणि परतीचे १३ मैल सलग चढताना त्यांचा घाम निघतो. त्यामुळे अ‍ॅशबोर्नलाच सुरू करा. आधी ताज्या पायांनी चढा, पार्सली हेला खा-प्या, मग उतरा. इथला वारा बहुतेकदा नैर्ऋत्येकडून येतो. तो परतीला तोंडावर आला तरी उतार साथ देतो. अ‍ॅशबोर्नमधून बाहेर पडतानाच एक बोगदा आहे, आणि थोडं पुढे गेल्यावर पूल नाहीसा झालेला एक ओढ्याचा खळगा. तिथे वाट एकदम खाली जाऊन वर येते. उतरून सायकल ढकलली तरी चालेल.

हाय पीक ट्रेलची गोष्टच वेगळी. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३१ च्या सुमाराची, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीच्याही वीसेक वर्षं आधीची. ती दोन कालव्यांना जोडण्यासाठी काढली आणि बांधलीही कालव्यासारखीच : डोंगराच्या अंगाने वळसे घेत सपाट जायचं आणि जिथे उंची गाठायची तिथे एकदम उभा उतरंडीचा रूळ. त्या उतरंडीवर डबे साखळीने ओढायला वर वाफेचं यंत्र बसवलेलं. मिडलटन टॉपला ते यंत्रघर अजून उभं आहे. पार्सली हेपासून मिनिंगलोपर्यंत जाऊन परत येणं हा नवख्यांसाठी माझ्या मते या उद्यानातला सर्वांत चांगला अर्धा दिवस. वाटेत गॉथमचं वळण लागतं, फक्त ५५ यार्ड त्रिज्येचं. पुढे चुनखडीचे कोरडे दगड रचून केलेले उंच भराव आहेत, त्यांच्या कडेला उभं राहून खाली बघा : चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माळ उघडा आहे, पावसात आडोसा मिळत नाही, म्हणून हवामान बघूनच निघा. मिडलटन टॉपच्या खालच्या उतरंडी आठास एक अशा उभ्या आहेत. सुरुवातीला तिकडे सायकलवर बसून उतरू नका.

या दोन्ही वाटांवर पाऊस पडून गेला की चुनखडीची पांढरी भुकटी लगदा होऊन चेनवर, गिअरवर बसते. वाळली की सिमेंटसारखी धरते. घरी पोहोचल्यावर जेवायच्या आधी बादलीभर पाणी ओता, फडक्याने पुसा, चेनला तेल द्या. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर चेन कुरकुरायला लागलीच म्हणून समजा.

मॅनिफोल्ड : इथे आपली बार्शी भेटते

उद्यानाच्या स्टॅफर्डशायरकडच्या बाजूला ह्यूम एंड ते वॉटरहाउसेस अशी आठ-नऊ मैलांची वाट आहे. ती डांबरी आहे, त्यामुळे ग्रॅव्हलची मजा म्हणून कुणी जात नाही, पण मराठी माणसाने एकदा जावंच.

अडीच फुटी रुळांची ही छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. तिचे इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हेच गृहस्थ आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होते आणि त्यांनीच बार्शी लाइट रेल्वे उभी केली, जी १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, अशी धावू लागली. तिचेही रूळ अडीच फुटी. बार्शीत जमलेलं तंत्र त्यांनी या इंग्लिश दरीत आणलं. कमी अंतराच्या रुळांवर दणकट डबे आणि लहान पण ताकदवान इंजिनं, ही ती पद्धत. आपल्याकडची गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली, वारकऱ्यांच्या पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला आणि शेवटी ती ब्रॉडगेज झाली. इकडची मात्र दूध वाहून वाहून तीस वर्षांत थकली आणि १९३४ मध्ये बंद पडली. १९३७ पासून ती पायवाट आहे. सोलापूर-धाराशिवकडचे आजोबा इंग्लंडला आले असतील तर त्यांना सायकलवर नाही तरी चालत थोडं घेऊन जा.

एक खबरदारी : वेटन मिल ते स्वेन्सली या मधल्या तुकड्यावर, बोगद्यासकट, मोटारींना परवानगी आहे. गाड्या थोड्या आणि सावकाश असतात, तरी डावी बाजू सोडू नका, दिवा लावा. उन्हाळ्यात इथली मॅनिफोल्ड नदी वेटन मिलपाशी चुनखडीतल्या भेगांमधून जमिनीखाली गडप होते आणि कोरडं पात्र तेवढं शेजारून चालत राहतं.

मग नकाशा हातात घ्या

या वाटांच्या बाहेर पडायची इच्छा झाली की ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल-२४ नकाशा घ्या, कागदी किंवा मोबाइलवर. त्यावर हिरव्या रेषा असतात. आखूड तुकड्यांची रेष म्हणजे फुटपाथ, फक्त पायी जाण्यासाठी. तिथे सायकल न्यायची नाही, वाट कितीही मोहाची दिसली तरी. लांब तुकड्यांची रेष म्हणजे ब्राइडलवे. तिथे १९६८ च्या कायद्याने सायकलला हक्क दिला आहे, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट आधी द्यायची, अशी अटही त्याच कायद्यात आहे.

पहिला ब्राइडलवे निवडताना नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघा. एकमेकींना चिकटलेल्या असतील, म्हणजे चढ उभा असेल, तर तो तूर्त सोडा. ओली चुनखडी साबणासारखी घसरते, त्यामुळे पहिला प्रयोग कोरड्या दिवशी.

याहून सोपा पर्याय म्हणजे अपर डर्वेंट दरी. फेअरहोम्सपासून डर्वेंट आणि हाउडन या धरणांच्या पाण्याकडेने वाट जाते. पश्चिमेकडचा डांबरी रस्ता शनिवार-रविवारी बहुतेकदा मोटारींना बंद असतो, पूर्वेकडे खरी खडीची, जरा उबडधोबड वाट आहे. खालच्या लेडीबावर धरणात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं बुडाली. दुष्काळात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात. उजनी-कोयनेकडच्या माणसाला तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही.

वाटेवर वागायचं कसं

मागून येताना लांबूनच घंटी द्या किंवा मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा. घोडा असेल तर घंटी नको, बोला. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही. स्वाराने हात केला किंवा ‘या’ म्हटलं की मगच, सावकाश आणि भरपूर अंतर ठेवून पुढे जा. कुत्र्याचा लांब पट्टा वाटेवर आडवा आहे का ते बघा. कानात काही घालू नका. फाटक जसं होतं तसंच ठेवा : बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मार्च ते मे कोकरांचे दिवस, तेव्हा मेंढ्यांच्या जवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह आवरा. आणि शेगडी, चूल, सिगारेटचं थोटूक यांपैकी काहीही नको. २०१८ च्या उन्हाळ्यात सॅडलवर्थचा माळ कित्येक दिवस पेटता होता.

पिशवीत एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पान्हासंच, दिवा, पावसाचं जाकीट. खायला घरचं न्या. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खिशात मावते, चुरगळली तरी बिघडत नाही. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कुठे चाललात ते घरी सांगून निघा. अडचणीत ९९९ लावून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यूची मदत मागायची.

मोटार नसेल तर

मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्गावर बॅमफर्डला उतरा. तिथून जवळच थॉर्नहिल ट्रेल लागते, ती धरणाच्या बांधकामाचे दगड वाहणाऱ्या रेल्वेची वाट आहे आणि लेडीबावरच्या भिंतीपर्यंत पोहोचवते. मँचेस्टरकरांना हॅडफिल्ड आणखी सोयीचं : लाँगडेनडेल ट्रेल स्टेशनच्या बाहेरूनच सुरू होते आणि जलाशयांच्या कडेने साडेसहा मैल वुडहेडच्या बंद बोगद्यापर्यंत जाते. टॉरसाइडजवळ एक रस्ता ओलांडावा लागतो, तिथे सायकलवरून उतरा. डर्बीकडून क्रॉमफर्डला गाडी येते, पण तिथून हाय पीक ट्रेलची सुरुवातच त्या उभ्या उतरंडीने होते, म्हणून ते पाय तयार झाल्यावर. गाड्यांमध्ये सायकलला जागा मोजकीच आणि आधी येईल त्याला. रविवारी दुपारी चारनंतरच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, त्याच्या आधीची पकडा.